साखरेनं खराब झालेली गादी

घरात दोन शब्द बोलायचे म्हटले तर भय्याजींच्या तोंडाला टाके घातलेले असत, आणि मंगरूच्या हॉटेलातल्या बाकावर टेकले की तेच तोंड उसवलेल्या उशीसारखं भसाभस सांडायला लागे. गोदावरीबाईंची नवऱ्याबद्दलची ही तक्रार लग्नाइतकीच जुनी होती. तिला त्या सरावल्या होत्या. पण त्या दिवशी भय्याजींनी जे केलं, ते हद्दीबाहेरचं होतं.

भय्याजी सकाळी तुमसरला गेले होते, पाठीच्या डॉक्टरकडे. परत आल्यावर माणसानं घरी यावं, पाय धुवावेत, घोटभर पाणी प्यावं, बायकोला काय झालं ते सांगावं. ते नाही. एसटीतून उतरले ते सरळ मंगरूच्या बाकावर. त्यामुळे डॉक्टर काय म्हणाला हे गोदावरीबाईंना नवऱ्याकडून कळलंच नाही. कळलं ते भाजीवाल्या सुमनबाईकडून, आणि तेही टोपली डोक्यावरून खाली उतरायच्या आत.

"काय व माय," सुमनबाई म्हणाली, "तुह्या गादीनं बुढ्याची पाठ मोडली म्हनतेत?"

दुसऱ्या कुणाच्या घरी ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. गोदावरीबाईंच्या घरी ती जाणं शक्य नव्हतं, कारण गादी ही त्यांच्या घरातली वस्तू नव्हती, त्यांचं नाव होतं. शाळेत त्या दुसरीपर्यंतच टिकल्या. सहीपुरती अक्षरं येत, वाचायला बसल्या तर बसची पाटी निघून जाई. पण कापसाची मूठ हातात घेऊन दाबली की तो जुना आहे का नवा, कोरडा आहे का दमट, त्यात कुणी चिंध्या मिसळल्यात का, हे त्या डोळे मिटून सांगत. त्यांनी भरलेली गादी कडेला फुगत नसे आणि मधे खचत नसे. दाभणाचा प्रत्येक टाका असा ओढलेला, की दोरा तुटेल पण कापूस जागचा हलणार नाही. गावातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या पोरींच्या आंदणात पलंग कुठलाही असो, कपाट कुठलंही असो, गादी गोदाबाईची असे. नव्या सुना सासरी गेल्यावर सासवा आधी गादी दाबून बघत आणि मग सुनेशी बोलत, असं गोदावरीबाई स्वतःच सांगत.

आणि आता साऱ्या गावात झालं होतं, की डॉक्टर म्हणतो, गोदाबाईची गादी खराब.

भय्याजी घरी आले तेव्हा त्या ओट्यावरच बसल्या होत्या. हातात दाभण होतं. भय्याजींनी दाभणाकडे पाहिलं आणि चप्पल काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. वाकता येत नव्हतं हे खरंच होतं. धान कापणीपासून त्यांची पाठ धरली होती. एका पायात कमरेपासून टाचेपर्यंत कळ जाई आणि उठताना ते खांबाला धरून उठत.

"काय म्हने डॉक्टर?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"काही नाही. गोळ्या देल्या. व्यायाम सांगतला."

"अन् गादीचं काय म्हने?"

भय्याजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला. "तुले कोनं सांगतलं?"

"साऱ्या गावाले ठाऊक हाय. मीच एक उरली होती."

"मंग तेच. गादी खराब झाली म्हने. मी काय माह्या मनचं सांगून राहिलो काय? चांगली शिकलेली डॉक्टरीन हाय. फोटो पाहून सांगतलं तिनं."

"कायचा फोटो? माह्या गादीचा फोटो कोनं काढला?"

"तू आयकत नाहीस. साखरेनं गादी खराब झाली, असं म्हने ते. बस."

"साखरेनं?"

"हाव. साखरेनं."

"गादीले साखर कुठून लागन जी? मी काय तुमाले पाकात बुडवून झोपवते?"

"ते तिले विचार," असं म्हणून भय्याजी आत गेले आणि बाजेवर आडवे झाले. गादीवर नाही, बाजेवर. ते बघून गोदावरीबाईंच्या अंगाची लाही झाली.

त्यांनी गादी ओढत अंगणात आणली. उन्हात पसरली. पालथी केली, उलटी केली, कडा चाचपल्या, नाक लावून वास घेतला. मुंगी नाही, मुंगळा नाही. खोळ थोडी विटली होती, पण कापूस असा होता की हात ठेवला की खाली जाई आणि उचलला की मागोमाग वर येई. मग उशाकडच्या कोपऱ्यात, खोळीच्या शिवणीला एक छोटीशी फट दिसली. त्यांच्या हातची नसलेली फट. बोट घातलं तर आत कागदाची पुडी, आणि पुडीत बत्ताशांचा चुरा.

गोदावरीबाई पुडी हातात धरून थोडा वेळ तशाच उकिडव्या बसून राहिल्या. भय्याजींना काही वर्षांपासून शुगर होती. घरात त्यांचा चहा बिनसाखरेचा होई, आणि तो ते असं तोंड करून पीत की जणू बायकोनं एरंडेल दिलंय. म्हणजे रात्री दिवा गेल्यावर हा माणूस गादी उसवून बत्तासे खात होता. त्यांच्या गादीत गोडाचं कोठार केलं होतं. म्हणजे डॉक्टरीण म्हणाली ते अगदीच हवेतलं नव्हतं. साखर गादीत होती खरी.

पण चिमूटभर चुऱ्यानं गादी खराब होते? त्यांनी सगळी शिवण उसवली, त्या कोपऱ्यातला कापूस काढून बघितला. पांढरा, कोरडा, मोकळा. त्यांच्या जिवात जीव आला, आणि जिवाबरोबर राग दुप्पट होऊन परत आला.

तेवढ्यात फाटकाशी ललिताबाई उभी दिसली.

ललिताबाईच्या मोनाचं लग्न ठरलं होतं. गादीची खोळ शिवून झाली होती, कापूस पिंजून आला होता आणि खोलीत ढिगानं पडला होता. दोन-चार दिवसांत भरायला घ्यायची होती. ललिताबाई आत आली, अंगणात उसवलेली गादी बघितली आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते गोदावरीबाईंना अजिबात आवडलं नाही.

"बस," त्या म्हणाल्या.

"नाही जी, बसत नाही. सहज आली." ललिताबाई पदराशी चाळा करत राहिली. "गोदाबाई, तुमी रागावू नका. मोनाचे बाबा म्हनत होते, का आजकाल तुमसरले फोमची भेटते. पाव्हने नोकरीवाले आहेत ना. त्यायले तसंच आवडते म्हने."

"पाव्हन्यायनं कई सांगतलं? आज दुपारी?"

"तसं नाही."

"मंग कसं? सरळ सांग ना बाई. भय्याजीनं मंगरूच्या इथं काय सांगतलं ते तुह्या कानावर आलं."

ललिताबाईनं उसवलेल्या गादीकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "डॉक्टरच म्हनते तं मानूस काय करन जी? लेकीले द्याची वस्तू हाय. उद्या तिची पाठ दुखली तं सासरचे म्हनतीन, मायनं पाहून नाही देल्ली."

याला उत्तर नव्हतं. गोदावरीबाईंना ते समजलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मोनाची गादी फोमची गेली, की मागची पोरगी फोमची मागणार, आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत गोदावरीबाईंचं दाभण गंजून जाणार. कुणी भांडायला येणार नाही, कुणी तोंडावर बोलणार नाही. फक्त कुणी येणार नाही.

"ललिता," त्यांनी विचारलं, "त्या डॉक्टरनीनं माही गादी पाहिली काय?"

"नाही पाहिली."

"न पाहता नाव ठेवलं?"

"आता ते मले काय ठाऊक?"

"मंग उद्या चाल माह्यासंगं. तुले बाजार कराचाच हाय. गादी घेऊन जाऊ. तिच्यापुढं टाकते, म्हनते, दाबून पाहा, झोपून पाहा, अन् मंग सांगा. ते म्हनली खराब, तं मी स्वतः तुह्या पोरीले फोमची घेऊन देईन."

संध्याकाळी दिवा लागायच्या आत त्यांनी कोपरा पुन्हा भरून शिवला. सगळ्यात बारीक टाके घातले. आरोपीला कोर्टात नेताना अंगावर फाटकं असू नये.

सकाळी अमरनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, आपला छोटा हत्ती टेम्पो दारात लावला. तो रोज तुमसरच्या मोंढ्यात धानाची पोती न्यायचा. आज पोत्यांवर गादी चढवायची म्हटल्यावर तो डोकं खाजवायला लागला.

"आई, दवाखान्यात गादी नेतेत काय कोनी?"

"रोगी नेतेत ना?"

"रोगी नेतेत."

"मंग हेच रोगी. धर तिकडून."

गंमत म्हणजे गादी गाडीवर चढताना पाहून भय्याजी पाठीची कळ विसरून बाजेवरून उठले. "कायले जाऊन राहिली तू?" ते म्हणाले. "जाऊ दे ना. बोललो असन मी चार शब्द. मी सांगतो लोकायले, चांगली हाय म्हनून."

"काल खराब, आज चांगली?"

"उन्हातानाचं कायले जातेस, म्हनतो मी. डॉक्टरनीले टाइम नसते. गर्दी असते तिथं."

चाळीस वर्षांत हा माणूस आपल्या शब्दावरून एवढ्या लवकर कधी मागं सरला नव्हता. हे गोदावरीबाईंच्या ध्यानात आलं, पण तेव्हा त्यांना घाई होती. त्या ललिताबाईला घेऊन पुढं बसल्या आणि गाडी निघाली.

दवाखान्यात खरंच गर्दी होती. सगळे पाठीचे, मानेचे, गुडघ्याचे. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर कुणी तिरके बसलेले, कुणी अर्धे उठलेले. अमर आणि ललिताबाईनं गादी आत आणून भिंतीशी पसरली, तेव्हा कागद बघणारा पोरगा टेबलामागून उठला.

"मावशी, हे काय आनलं?"

"पेशंट. नाव लिही."

"अहो, पेशंटचं नाव काय?"

"गोदाबाईची गादी. तसंच लिही."

पोरगा डॉक्टरांना विचारायला आत गेला. तेवढ्यात राईस मिलमधला एक जाडजूड माणूस, जो मघापासून भिंतीला टेकून उभा होता, म्हणाला, "बाई, थोडं टेकू काय? खुर्चीवर जमत नाही."

"टेका ना. त्याच्यासाठीच आनली."

तो टेकला. मग हळूहळू कलला. मग त्यानं पाय लांब केले आणि असा सुस्कारा सोडला की सगळ्यांनी वळून बघितलं. त्याच्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली, तिच्या शेजारी तिची लेक. मिलवाला डोळे न उघडता म्हणाला, "कुठून घेतली जी? पत्ता द्या." गोदावरीबाईंनी ललिताबाईकडे पाहिलं. ललिताबाई छताकडे बघायला लागली.

डॉक्टर बाहेर आली ती हसू दाबतच. तिशीतली, केस वर बांधलेली, डोळ्यांखाली झोप न झाल्याची काळोखी. "कुणी आणली ही?"

"मी." गोदावरीबाई उभ्या राहिल्या. पदर नीट केला. "काल तुमी माह्या मालकाले सांगतलं का गादी खराब झाली. साखरेनं झाली म्हने. मी म्हनते, आधी पाहा. दाबा, झोपा, उसवून पाहाची तं दाभण आनलं हाय मी. अन् मंग या बाईपुढं सांगा. हिच्या पोरीचं लगीन हाय."

डॉक्टरला आधी काही समजलंच नाही. मग तिनं कपाळावर हात मारला आणि भिंतीला टेकून हसत सुटली. "मावशी, तुम्ही भय्याजींच्या घरच्या. आत या. तुम्ही दोघी या. गादी राहू द्या बाहेर, ते काका झोपलेत."

आत तिनं टेबलावरून एक पाठीचा कणा उचलला. प्लास्टिकचा. हाडाचे तुकडे एकावर एक रचलेले आणि प्रत्येक दोन तुकड्यांच्या मधे एक चपटी, मऊ चकती.

"हे बघा. हे मणके. आणि या दोन मणक्यांच्या मधे हे जे आहे ना, याला आम्ही लोकांना सांगताना गादी म्हणतो. मणक्यातली गादी. ती झिजली, सुकली, की मणके एकमेकांवर बसतात आणि शिरेला लागतं. भय्याजींची ही खालची गादी खराब झालीय. तुमच्या गादीला मी कधी नाव ठेवलं?"

ललिताबाईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते.

गोदावरीबाई हसल्या नाहीत. त्यांनी ती चकती अंगठ्यानं दाबून बघितली, जशी त्या कुठलीही गादी दाबून बघत. "आत काय भरलं असते हिच्यात?"

"चांगला प्रश्न विचारलात. मधे गरासारखं, पाणी धरून ठेवणारं. आणि त्या गरात थोड्याशा जिवंत पेशी असतात. अगदी कमी. त्याच तो गर तयार करतात, त्याच डागडुजी करतात."

"म्हंजे कामकरी राहतेत आत."

"हो, तसंच समजा. पण बिचाऱ्यांच्या गल्लीत रक्ताची नळी जात नाही. शेजारच्या हाडातून जे झिरपत येईल तेवढंच त्यांचं जेवण. आता माणसाच्या रक्तात साखर वाढली, की त्यांच्याकडे पण साखरच साखर झिरपते. वर्षानुवर्षं."

"तं गोड जेवन भेटलं. कामाले जोर याले पाह्यजे."

"उलट होतं. मावशी, तुम्ही चूल पेटवता ना? एकदम सगळी लाकडं कोंबली तर?"

"तं धूर. जाळ होत नाही, घरभर धूर होते. डोये जातेत."

"तेच होतं. साखर म्हणजे सरपण. जास्त आलं की पेशीच्या आतल्या चुलीतून धुरासारखं काहीतरी निघतं. प्राणवायूचंच एक बिघडलेलं, चावरं रूप. ज्याला लागेल त्याला ते खातं. थोडा धूर असला तर पेशी साफ करून टाकते, तशी सोय असते तिच्याकडे. पण रोजच कोंदला तर सोय पुरत नाही. याला आम्ही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतो. त्यात काही पेशी मरतात, काही वेळेआधी म्हाताऱ्या होतात."

"अन् म्हातारे झाले का काम सोडतेत," गोदावरीबाई म्हणाल्या.

"काम सोडतात, आणि वरून नासधूस करतात. गर बनवायचा सोडून गर खाणारी रसायनं सोडायला लागतात. मग गादी कोरडी पडते, पातळ होते."

गोदावरीबाईंनी चकतीवरचा अंगठा काढला. असं घर त्यांच्या ओळखीचं होतं. बसून खाणारे, घरातलंच उसवणारे. फक्त ते पाठीत असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"पण मी खोटं सांगणार नाही," डॉक्टर पुढं म्हणाली. "एकटी साखर नाही. वय आहे, जन्मभर पोती उचलली आहेत, ते सगळं धरून झालंय. आणि धुराची ही जी गोष्ट आहे, ती बरीचशी प्रयोगशाळेत दिसलीय, माणसात नेमकं किती, त्याचा शोध चालूच आहे. पण शुगर ज्यांची वाढलेली, त्यांच्या गाद्या लवकर जातात, हे मी रोज बघते."

"बरं. मंग उसवून नव्यानं भरता येते काय?"

"नाही येत. निदान आज तरी नाही."

"पिंजता?"

"नाही मावशी. ही गादी पिंजता येत नाही. जेवढी उरलीय तेवढी सांभाळायची. साखर ताब्यात, वजन ताब्यात, रोजचा व्यायाम, वाकून काही उचलायचं नाही. पायाची ताकद कमी वाटली, किंवा बधिरपणा आला, तर लगेच आणा. आत्ता तसं नाही. आत्ता हातात आहे."

खांबाला धरून उठणारा माणूस गोदावरीबाईंच्या डोळ्यांपुढं आला. ज्याच्या खांद्यावर धानाचं पोतं त्यांनी फुलासारखं बघितलं होतं, तो. त्यांनी पुस्तकात नाही पण कापसात हे हजारदा बघितलं होतं: जे वेळेवर उन्हात घातलं नाही, ते गेलं.

मग त्यांनी दुसरी गोष्ट विचारली, जी दारातून निघाल्यापासून मनात ठसठसत होती.

"डॉक्टरीनबाई, तुमी त्यायले हे सारं सांगतलं नव्हतं काय?"

"सांगितलं ना. अगदी असंच, हा कणा हातात देऊन. त्यांना छान समजलं. मला परत म्हणूनही दाखवलं, 'म्हंजे गादी माह्या पाठीतली, अन् खराब केली माह्या तोंडानं.' मी म्हटलं वा बाबा. मग उठताना विचारलं त्यांनी, गावात लग्न आहे, बुंदी चाखायचं काम माझ्याकडे असतं, ते चालेल का. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, हे घरी सांगाच लागते काय."

ललिताबाईनं पदर तोंडावरून काढला.

"म्हंजे त्यायले ठाऊक होतं," ती म्हणाली.

"ठाऊक होतं," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका गोड झाला होता की अमर तिथं असता तर घाबरला असता. "माह्या गादीमांगं लपले."

बाहेर आल्यावर मिलवाल्याला उठवावं लागलं. गादी उचलताना ललिताबाईनं दुसरं टोक धरलं, धरता धरता एकदा दाबून पाहिलं आणि म्हणाली, "गोदाबाई, मोनाची गादी कई भरता?"

"फोमवाल्याकडं जाचं होतं ना तुले?"

"आता कायले टोचता जी."

"टोचनं माहा धंदा हाय," गोदावरीबाई म्हणाल्या. "परवा ये. कापूस तुह्यापुढं भरते. पन एक सांग, तुले समजलं, मले समजलं. गावाले कोन समजावन? मी म्हनली तं लोक म्हनतीन, आपल्या मालाची बढाई करून राहिली बुढी."

याचं उत्तर गोदावरीबाईंपाशीच होतं. परतीच्या वाटेवर ललिताबाई अमरला सगळं सांगून हसत राहिली, अमरचं स्टिअरिंग हसून हलायला लागलं, आणि गोदावरीबाई समोरच्या रस्त्याकडं बघत मनातल्या मनात टाके घालत बसल्या.

"घरी नेऊ?" गाव आल्यावर अमरनं विचारलं.

"मंगरूकडं घे."

बायामाणसं मंगरूच्या हॉटेलात जात नसत. गोदावरीबाईही कधी गेल्या नव्हत्या. त्या गाडीतून उतरून सरळ छपराखाली शिरल्या तेव्हा बाकांवरचे चारपाच जण आपोआप उभे राहिले आणि मंगरूच्या हातातली चहाची गाळणी तशीच वर राहिली. भय्याजी एकटे बसून होते, कारण त्यांना पटकन उठता येत नव्हतं. त्यांच्यापुढं कप होता. गोदावरीबाईंनी कप उचलला, एक घोट घेतला आणि मंगरूकडं पाहिलं.

"किती साखर टाकतेस रे याच्यात?"

"ते म्हनतेत तेवढी," मंगरू म्हणाला.

"काय म्हनते डॉक्टरीन?" भय्याजींनी विचारलं. उत्तर माहीत असलेल्या माणसाचा आवाज कसा असतो, तसा त्यांचा आवाज होता. "भेटली काय?"

"भेटली. साजरी पोरगी हाय. गादी उलटून पालटून दाखवली तिनं मले. अन् तुमी काय म्हनले होते तिले, तेही सांगतलं. शब्द न् शब्द."

भय्याजींनी बाकावरच्यांकडे पाहिलं. कुणीही मदतीला येणार नव्हतं. "आता तुले सांगतो," ते म्हणाले, "साखर बंद झाली तं मानसाच्या जगन्यात उरते काय? पाठ त दुखूनच राहिली हाय. चहा तेवढा गोड होता. म्हनून म्हटलं, गादीचं नाव सांगतो. गादीले काय, ते थोडी रडते."

बाकावरचा एकजण हसला आणि लगेच खोकला. गोदावरीबाईंनाही हसू आलं होतं, पण ते त्यांनी आतल्या बाजूनं टाचून ठेवलं. त्यांनी कप मंगरूच्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि गाडीजवळ उभ्या ललिताबाईलासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या:

"आयका जी. गादी खराब झाली हे खरं हाय. पन ते माह्या हातची नाही, तुमच्या मायनं पोटात भरून देल्ली होती ते. माही बिघडली तं मी उसवीन, पिंजीन, नव्यानं भरीन. तुमची मले भरता येत नाही, त्या डॉक्टरनीलेही येत नाही. म्हनून जे उरली ते मी सांभाळीन, तुमाले आवडो का नाही आवडो. मंगरूच्या इथला चहा आजपासून फिका. अन् माह्या गादीचं नाव ज्या तोंडानं खराब केलं, त्याच तोंडानं आता घरोघरी जाऊन चांगलं कराचं. पहिले ललिताच्या घरी, मोनाच्या बाबापुढं. पायी चालाचं, डॉक्टरनीनं चालनं सांगतलंच हाय. हरेक घरी एकच सांगाचं, का बायकोची गादी चांगली हाय, माही मी खाऊन टाकली. चला, उठा आता. घाई नाही, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठा, मी धरते."